पाकिस्तानने पकडलेले मच्छिमार आणि समुद्रातली सीमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससून डॉकजवळच्या एका मच्छिमार सोसायटीत मी हिशेब लिहितो. डिझेलचा परतावा, बर्फाची बिलं, बोटींचे परवाने हे माझं काम. पण पावसाळी बंदी उठून दोन-तीन महिने झाले की डहाणूकडचं कुणीतरी ओळख काढत येतं आणि विचारतं, "भाऊ, आमचा पोरगा कराचीला पकडलाय म्हणतात. आता काय करायचं?" दुसरीकडे, सीमेवर काही घडलं की सोसायटीतल्याच सभासदांची कॉलेजात जाणारी मुलं विचारतात, "सर क्रीक म्हणजे काय हो काका?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. माहिती २०२५ सालच्या अखेरीपर्यंतची.

मुंबईची बोट एवढ्या लांब पाकिस्तानच्या हद्दीत जातेच कशी?

मुंबईची बहुधा जात नाहीच. पकडले जाणारे मराठी खलाशी बहुतेक पालघर जिल्ह्यातले असतात. डहाणू, तलासरी, पालघर इथले, त्यात आदिवासी पुष्कळ. बोट मात्र गुजरातची असते, मालकही तिकडचाच. बंदर ओखा, पोरबंदर, वेरावळ नाहीतर मांगरोळ. हंगामाच्या सुरुवातीला उचल घ्यायची आणि पुढचे आठ-नऊ महिने बोटीवर काढायचे, अशी ही नोकरी. बातमीत "गुजरातचे मच्छिमार पकडले" असं येतं तेव्हा त्या यादीत आपल्याकडची नावं किती, हे दोन दिवसांनी कळतं.

एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची अर्धी कटकट इथूनच सुरू होते. बोटीची नोंद एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात. घरच्यांनी इथे विचारलं की तिकडे जा म्हणतात, तिकडे विचारलं की इथे.

पण तिकडे जायचंच कशाला?

मासळीसाठी. सिंधू नदी जिथे समुद्राला मिळते तिथे चिखल, खाड्या, तिवरांची झाडी. कोळंबीपासून घोळीपर्यंत सगळं तिथे वाढतं. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ट्रॉलर एवढे झाले की जवळपास जाळं टाकून डिझेलही सुटत नाही. मग तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, उत्तरेला सरकतो. मालक किनाऱ्यावर बसून फोनवर विचारत असतो, माल किती झाला. त्या फोनचा उल्लेख कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही, पण बोटीची दिशा पुष्कळदा तोच ठरवतो.

समुद्रात बॉर्डर दिसते का? जीपीएस असतं ना?

जीपीएस असतं. लाईन जवळ आली हे तांडेलला कळतंही. पण जाळं पाण्यात असताना बोट हवी तशी वळवता येत नाही, भरतीचा ओढ असतो, आणि इंजिन बंद पडलं तर पाणी नेईल तिकडे जायचं. काही जण चुकून ओलांडतात. काही जाणूनबुजून जातात, हेही खरं आहे. आपल्या माणसांचं सगळंच झाकायचं कारण नाही. आणि आपण अलीकडेच होतो, ते आत येऊन घेऊन गेले, असं सांगणारेही दर खेपेला असतात. यातलं खरं काय हे ठरवणं अवघड, कारण ज्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे म्हणतो ती रेघ दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही.

म्हणजे? भारत-पाकिस्तानची सागरी सीमा ठरलेली नाही?

नाही. श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया, थायलंड, म्यानमार, बांगलादेश या सगळ्यांशी भारताची सागरी सीमा ठरली आहे. समुद्रातला एकच शेजारी बाकी राहिला, तो पाकिस्तान. दोन्हीकडची जहाजं ज्या रेषेवर गस्त घालतात ती अंदाजाने धरलेली आहे. तिला आंतरराष्ट्रीय सागरी सीमारेषा म्हणायची पद्धत आहे, इतकंच.

सर क्रीकचं भांडण नेमकं काय आहे?

कच्छच्या रणात दलदलीतून जाणारी ९६ किलोमीटरची एक खाडी. जुनं नाव बाणगंगा. माणूस राहत नाही, गोडं पाणी नाही. साप, विंचू आणि चिखल. आणि या भांडणाचा पहिला कागद आपल्या मुंबईचा आहे.

झालं असं, की १९०८ च्या सुमारास खाडीकाठच्या जळाऊ लाकडावरून कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात वाद झाला. लाकूड कुणाचं? सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (तो वेगळा प्रांत झाला १९३६ साली), त्यामुळे निवाडा मुंबई सरकारकडे आला. १९१४ साली मुंबई सरकारने ठराव केला आणि सोबत नकाशा जोडला. नकाशात हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने दाखवली. म्हणजे खाडी पूर्ण सिंधकडे. पण त्याच ठरावात पुढच्या परिच्छेदात असंही लिहिलं, की खाडीचा प्रवाह जागा बदलतो आणि तिच्यातून नावा चालतात, तेव्हा हद्द प्रवाहाच्या मध्यातून धरावी.

एका ठरावातले दोन लागोपाठचे परिच्छेद. पाकिस्तान पहिल्यावर बोट ठेवतो, भारत दुसऱ्यावर. भारत शिवाय १९२५ सालचा नकाशा आणि खाडीच्या मधल्या रेषेवरचे सीमाखांब दाखवतो, आणि हिरवी रेघ निव्वळ खुणेपुरती होती म्हणतो. पाकिस्तान म्हणतो, मधल्या प्रवाहाचा नियम नावा चालणाऱ्या नदीला लागू, या चिखलाला कसला? भारत म्हणतो, भरतीला येऊन बघा, ट्रॉलर चालतात. खर्डेघाशी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यात एकच दिसतं : तो मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाने एक वाक्य सरळ लिहिलं असतं तर शंभर वर्षांचं काम वाचलं असतं.

एवढ्याशा चिखलासाठी इतका वाद?

चिखलासाठी नाही. खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं तो बिंदू सागरी सीमेचा आरंभ असतो. तिथून रेघ समुद्रात २०० सागरी मैलांपर्यंत जाते (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). सुरुवातीला बिंदू थोडा इकडेतिकडे झाला की टोकाला हजारो चौरस किलोमीटर समुद्र या देशाचा की त्या देशाचा, हे बदलतं. त्यात मासळी आली, आणि तळाशी तेल किंवा वायू असलाच तर तोही आला.

१९६५ च्या युद्धानंतर लवाद नेमला होता, तेव्हा का नाही मिटलं?

कच्छचं रण मिटलं, खाडी राहिली. १९६५ च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला आणि तीन जणांचा लवाद नेमला गेला. एक सभासद भारताने सुचवलेला युगोस्लाव्ह, एक पाकिस्तानने सुचवलेला इराणी, अध्यक्ष स्वीडनचे. १९ फेब्रुवारी १९६८ ला निकाल आला. वादातल्या जमिनीचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताला, दहा टक्के पाकिस्तानला. संसदेत त्या दहा टक्क्यांवरून मोठा गदारोळ झाला. सर क्रीकचा भाग दोघांनी लवादापुढे ठेवलाच नव्हता, त्यामुळे त्यावर निकालही नाही.

पुढे चर्चेच्या फेऱ्या झाल्या. २००७ साली दोन्हीकडच्या पथकांनी मिळून खाडीची मोजणी केली. नकाशा तयार झाला. सगळ्यात जवळ आलो ते तेव्हा. मग २६/११ घडलं. २०१२ मध्ये पुन्हा बोलणी झाली, पण कुणी एक पाऊल हललं नाही. भारताचं म्हणणं होतं, आधी खोल समुद्रातून आत येत जमेल तेवढी रेघ आखू, खाडीचं नंतर बघू. पाकिस्तानला आधी खाडी हवी होती.

बांगलादेशशी तर कोर्टात जाऊन मिटवलं. मग इथे का नाही?

बांगलादेशाचं प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. ७ जुलै २०१४ ला निकाल लागला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. भारताने निकाल मान्य केला, आणि बंगालच्या उपसागरात तो प्रश्न संपला. ज्या बेटावरून दोन्हीकडे एकेकाळी झेंडे रोवायची भाषा होती, ते बेट तोवर पाण्याखाली गेलंच होतं.

पाकिस्तानच्या बाबतीत भारत १९७२ चा सिमला करार पुढे करतो : वाद दोघांनी बसून सोडवायचे, तिसरा नको. पाकिस्तानला तिसरा हवा असतो. काश्मीरच्या भूमिकेला धक्का लागू नये म्हणून दिल्ली इथेही तिसऱ्याला शिरू देत नाही. समजण्यासारखं आहे. पण काश्मीरच्या त्या धोरणाचा हप्ता डहाणूचा खलाशी फेडतो, हेही कुणीतरी म्हणायला हवं.

पकडल्यावर माणसाला कुठे नेतात?

पाकिस्तानची सागरी सुरक्षा एजन्सी बोटीसकट कराचीला नेते. तिथे पोलीस, मग न्यायालय, मग मलीरचा तुरुंग. गुन्हा परवानगीशिवाय हद्दीत शिरल्याचा आणि मासेमारीचा. शिक्षा तशी काही महिन्यांचीच असते. बोट जप्त होते आणि ती परत येणं फार दुर्मीळ. तिकडे अडकलेल्या भारतीय बोटींचा मच्छिमार संघटनांचा हिशेब हजाराच्या वर जातो. मालक विम्यावर किंवा कर्जावर नवी बोट उभी करतो. खलाशाला मात्र दुसरा देह नसतो.

शिक्षा काही महिन्यांची, मग चार-चार वर्षं का लागतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

२१ मे २००८ ला दोन्ही देशांनी कैद्यांबाबत करार केला. त्यानुसार अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळाली पाहिजे. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं, की एका महिन्यात घरी पाठवलं पाहिजे. कागदावर याहून स्वच्छ काही नाही.

अडतं ते "राष्ट्रीयत्व पक्कं झालं" या शब्दांपाशी. माणूस कराचीत, आपला उच्चायोग इस्लामाबादला. कराचीत पूर्वी आपली वकिलात होती, ती १९९४ च्या अखेरीस बंद झाली. (पाकिस्तानला मुंबईत वकिलातीसाठी मलबार हिलवरचा जिन्नांचा बंगला हवा होता, तेही कधी झालं नाही. दोन बंदरांची शहरं, समुद्रमार्गे जेमतेम पाचशे सागरी मैलांवर, पण कागद जातो तो दिल्ली-इस्लामाबाद फिरून.) अधिकारी भेटला की नाव, बापाचं नाव, गाव लिहून घेतो. ते दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे, तिथून गृह खात्याकडे, मग राज्याकडे, मग जिल्ह्याकडे, शेवटी गावच्या पोलीस ठाण्यात. हवालदार पाड्यावर येऊन विचारतो, हा इथलाच का? त्याचा अहवाल परत त्याच वाटेने वर चढतो.

यात नावाचा गोंधळ होतो. पाड्याचं नाव खलाशी बोलतो वारलीत किंवा मांगेली बोलीत, तिकडचा शिपाई लिहितो उर्दूत, फाईलमध्ये येतं इंग्रजीत आणि ठाण्यात पोचेपर्यंत ते गाव महाराष्ट्राच्या कुठल्याही नकाशात सापडत नाही. एका घरातल्यांना मी स्वतः सांगितलं होतं, तुमच्या गावाच्या नावातला "ळ" तुमच्या मुलाला वर्षभर महागात पडला.

आणि सगळं झाल्यावरही सुटका बहुधा गठ्ठ्याने होते, राजकीय मुहूर्त बघून. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट झालं, एप्रिलमध्ये पाकिस्तानने ३६० कैदी सोडायचं जाहीर केलं, त्यातले ३५५ मच्छिमार होते. मे २०२३ मध्ये एकदम १९८ जण आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. ज्याची शिक्षा मार्चमध्ये संपली तो पुढच्या सदिच्छेची वाट बघतो.

१ जानेवारी आणि १ जुलैच्या याद्या म्हणजे काय?

त्याच २००८ च्या करारातली अट. वर्षातून दोनदा, या दोन तारखांना, दोन्ही देश आपल्या ताब्यातल्या दुसऱ्याच्या कैद्यांची यादी एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ भारतीय मच्छिमार आणि ५३ इतर कैदी दाखवले. भारताने ८१ पाकिस्तानी मच्छिमार आणि ३८२ इतर. परराष्ट्र खात्याने तेव्हाच सांगितलं, की २०१४ पासून २,६६१ मच्छिमार पाकिस्तानातून परत आले आहेत.

आता तारीख परत बघा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं. सिंधू पाणीवाटपाचा १९६० चा करार भारताने स्थगित केला, अटारी बंद झालं, दोघांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. ७ मे ला ऑपरेशन सिंदूर, १० मे ला संध्याकाळी पाच वाजता गोळीबार थांबला. त्यानंतर जेमतेम पन्नास दिवसांनी १ जुलै उजाडला आणि याद्या ठरल्याप्रमाणे बदलल्या गेल्या. टीव्हीवर कोण काय ओरडत होतं ते सगळ्यांना आठवतं. हा कागद मात्र दोन ओळींची बातमी होऊन गेला.

दोन्ही देश बोलतच नाहीत, मग हे सगळं चालतं कोणामार्फत?

उच्चायोगांमार्फत. ऑगस्ट २०१९ पासून दोन्हीकडे उच्चायुक्त नाहीत, प्रभारी अधिकारी काम बघतात. एप्रिल २०२५ नंतर कर्मचाऱ्यांची संख्या ५५ वरून ३० वर आणली, पण दार बंद केलं नाही. त्याशिवाय दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांमध्ये थेट फोन आहे. १० मे चा निर्णय त्याच फोनवर झाला. आपलं तटरक्षक दल आणि त्यांची सागरी एजन्सी यांच्यात २००५ साली असाच संपर्काचा करार झाला. आणि दर १ जानेवारीला कैद्यांबरोबर अणुकेंद्रांचीही यादी बदलली जाते, एकमेकांच्या केंद्रांवर हल्ला करणार नाही म्हणून. तो करार १९८८ चा, पहिली यादी १९९२ ची. कारगिल झालं, २६/११ झालं, यादी एकदाही चुकली नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात मच्छिमाराला तुरुंगात टाकता येतं का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याचं कलम ७३ सांगतं, की विशेष आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात) मासेमारीचा नियम मोडला तर, दोन देशांनी वेगळं ठरवलं नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही. जामीन भरला की बोट आणि माणसं लगेच सोडायची. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा कायदा स्वीकारला आहे. मग? मग गुन्हा मासेमारीचा न राहता परदेशी माणसाने विनापरवाना शिरल्याचाही होतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत नियम आणखी कडक. आणि बोट नेमकी कुठे होती याचा पुरावा पकडणाऱ्याकडेच असतो.

आपणही त्यांचे मच्छिमार पकडतो का?

हो. वर आकडा दिला आहे, ८१. सिंधच्या किनाऱ्यावरची गरीब माणसं, तीच भरती, तीच मासळी. त्यांच्याही बायका कुठल्या तरी सोसायटीत जाऊन असाच प्रश्न विचारत असणार.

तटरक्षक दल आपल्या बोटी सोडवत का नाही?

सोडवतं, वेळेवर पोचलं तर. १७ नोव्हेंबर २०२४ ला पाकिस्तानी जहाजाने सात मच्छिमार उचलले. आपल्या जहाजाने सुमारे दोन तास पाठलाग केला, वाट अडवली आणि सातही जण परत आणले. बोट बुडाली. असं दर वेळी घडत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला ओख्याजवळ गोळीबार झाला, त्यात पालघरचा एक खलाशी गेला. कोळीवाड्यांमध्ये त्या आठवड्यात या एकाच विषयावर बोलणं होतं.

२६/११ आणि मच्छिमारांचा काय संबंध? आमची एवढी तपासणी का?

दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी "कुबेर" नावाची पोरबंदरची बोट ताब्यात घेतली, चार खलाशांना मारलं, तांडेलकडून मुंबईच्या समोरपर्यंत बोट आणवली आणि मग त्यालाही मारलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री रबरी बोटीतून ते कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छिमार वस्तीत उतरले. शहरात १६६ जीव गेले. पण त्या हल्ल्याचे पहिले बळी खलाशी होते, आणि उतरणाऱ्यांना पहिल्यांदा हटकणारेही मच्छिमारच होते. ही माणसं इथली नाहीत, हे त्यांना दिसलं होतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये किनाऱ्याची व्यवस्था बदलली. एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे, किनाऱ्यालगतच्या पाण्याची तटरक्षक दलाकडे, अगदी काठाची सागरी पोलिसांकडे. मुंबईत तिघांचं मिळून नियंत्रण केंद्र उभं राहिलं. बोटींना राज्यवार रंग, खलाशांना ओळखपत्रं, "सागर कवच" नावाच्या कवायती. चांगलंच आहे. त्रास होतो तो वागणुकीचा. पहाटे चारला मासळी घेऊन येणाऱ्या माणसाला कुणी आधी चोर समजून हाक मारली तर तो पुढच्या वेळी संशयित बोट दिसली तरी फोन करेल का? बंदोबस्ताची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी यंत्रणा म्हणजे समुद्रात असलेली हजारो डोळ्यांची जोडी. ती गोडीत ठेवायला हवी.

आणखी एक भीती बोलून दाखवली जाते : कराचीत धूळ खात पडलेल्या त्या भारतीय बोटींपैकी एखादी उद्या पुन्हा "कुबेर" होऊन आली तर? म्हणून तरी बोटी परत मागायला हव्यात.

श्रीलंकेतही आपले मच्छिमार पकडतात. तेच प्रकरण का?

नाही. तिथे सीमा ठरलेली आहे, १९७४ आणि १९७६ च्या करारांनी. कच्चतीवू बेट, २८५ एकरांचं, तेव्हा श्रीलंकेकडे गेलं, आणि तमिळनाडूत ते अजून सलतं. शिवाय तिथला खरा वाद तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा आहे. उत्तर श्रीलंकेतले छोटे मच्छिमारही तमिळच, आणि तक्रार त्यांचीच. डोल म्हणजे एका जागी बांधून ठेवायचं जाळं लावणाऱ्या आपल्या छोट्या मच्छिमारांना पर्ससीनवाल्यांबद्दल, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्यांबद्दल जे वाटतं, ते त्यांना रामेश्वरच्या ट्रॉलरबद्दल वाटतं.

सर क्रीकवर युद्ध होईल का?

२ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुजमध्ये बजावलं, की पाकिस्तानने तिथे आगळीक केली तर उत्तर मिळेल, आणि कराचीचा एक रस्ता या खाडीतून जातो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये याच भागात पाकिस्तानी नौदलाचं विमान आपल्या मिगने पाडलं होतं, १६ जण होते त्यात. त्यामुळे काही होणारच नाही असं म्हणता येणार नाही. खलाशापुरतं बोलायचं तर, तणाव वाढला की गस्त वाढते आणि पकडापकडही. तांडेलने त्या हंगामात चार मैल अलीकडे राहिलेलं बरं.

अटारी बंद आहे. मग सुटका झाली तर माणूस येणार कुठून?

तिथूनच. सुटलेल्यांना कराचीहून लाहोरला आणतात, पुष्कळदा तिथल्या ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेच्या खर्चाने, आणि वाघ्याला ताब्यात देतात. फाटक प्रवासी आणि मालासाठी बंद आहे. १४ मे २०२५ ला, गोळीबार थांबून चार दिवस झाले असताना, चुकून पलीकडे गेलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान याच फाटकातून परत आला.

घरच्यांना काही मदत मिळते का?

गुजरात सरकार पकडलेल्या मच्छिमाराच्या कुटुंबाला रोज ३०० रुपये देतं. बोट गुजरातची आणि घर पालघरचं असेल तर दोन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागात अर्ज करा आणि दोन्ही पोचपावत्या जपून ठेवा. मालकाकडून उरलेला पगारही मागा. उचल फिटली नाही म्हणून तो टाळेल. मागाच.

माणूस पकडला गेल्याचं कळलं. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

मालकाकडून बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, निघताना दिलेल्या टोकनची प्रत आणि बोटीवरच्या सगळ्यांची यादी घ्या. मालक फोन उचलत नसेल तर ज्या बंदरातून बोट निघाली तिथल्या सोसायटीला गाठा. मग जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवा. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, एक जुना आणि एक नवा फोटो, यांच्या पाच-पाच प्रती काढा. सगळ्या कागदांवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलंय का बघा. नसेल तर सरपंचाकडून तसा दाखला घ्या. वर ज्या "ळ" बद्दल लिहिलं त्याचं औषध हेच. बोट हरवली आहे की पकडली हेच कळत नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर आहेत.

"कराचीत आपली ओळख आहे, पन्नास हजार द्या" म्हणणारा कुणी ना कुणी येतोच. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

माझ्या मुलाचं नाव यादीत आहे का, हे कसं कळणार?

१ जानेवारी आणि १ जुलैला बाहेर येतो तो नुसता आकडा. नावं जाहीर होत नाहीत. नावासाठी परराष्ट्र खात्याच्या "मदत" पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक खासदारांच्या कार्यालयात द्या. ऑनलाईन जमत नसेल तर सोसायटीत या, मी भरून देतो. दुपारी तीननंतर या, सकाळी लिलाव चालू असतो.